बाळाचा पहिला भारतीय पासपोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची लेक साडेचार महिन्यांची असताना तिचा पासपोर्ट काढला. तेव्हापासून ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या नव्या आईबाबांचे फोन येत असतात. बहुतेकांचे प्रश्न तेच ते असतात, आणि बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणी असते: जन्मदाखल्यावर. म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. भारतात जन्मलेल्या, भारतीय नागरिक असलेल्या बाळासाठी हे आहे. परदेशात जन्मलेल्या बाळाबद्दल पुढे थोडक्यात लिहिलंय.

एवढ्याशा बाळाला वेगळा पासपोर्ट लागतो का? आईच्या पासपोर्टात नाव घालता येत नाही का?

वेगळाच लागतो. पूर्वी मुलांची नावं आईवडिलांच्या पासपोर्टात नोंदवत असत, त्यामुळे आजीआजोबा अजून तसं सांगतात. आता बाळ आठ दिवसांचं असो की आठ वर्षांचं, त्याचं पुस्तक स्वतंत्र. विमानात मांडीवर बसणाऱ्या, दोन वर्षांखालच्या बाळालाही तोच नियम. व्हिसाही त्याचा वेगळा.

सुरुवात कुठून करायची?

जन्मदाखल्यापासून. फॉर्म, फोटो, अपॉइंटमेंट सगळं नंतर. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, असा बदल २०२५ मध्ये पासपोर्टच्या नियमांत झाला. म्हणजे आजच्या तान्ह्या बाळांना दुसरा पर्यायच नाही. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड दाखला म्हणून चालत नाही. महानगरपालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकाने दिलेला, नोंदणी क्रमांक असलेला दाखलाच हवा.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत फुकट होते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरावं लागतं, ३० दिवस ते एक वर्ष या काळात वरिष्ठांची लेखी परवानगी लागते आणि एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. हॉस्पिटलमध्ये बाळंतपण झालं असेल तर जन्माची खबर हॉस्पिटलच कळवतं. पण ‘कळवलंय’ आणि ‘बरोबर कळवलंय’ यात फार फरक आहे. तो पुढे येतोच.

बाळंतपण माहेरी झालं. दाखला कुठून काढायचा?

जन्म जिथे झाला तिथूनच. राहता पुण्यात आणि बाळंतपण सोलापूरला झालं असेल, तर नोंद सोलापूरची आणि दाखलाही सोलापूरचा. पासपोर्टच्या फॉर्मवर जन्मस्थळही तेच लिहायचं, घरचा पत्ता मात्र पुण्याचा. याने पासपोर्टला काहीच अडत नाही.

अडतं ते वेगळ्याच गोष्टीने. सव्वा महिना झाला की आपण बाळाला घेऊन सासरी परततो, आणि दाखल्यात चूक निघाली की दुरुस्तीसाठी कोणालातरी पुन्हा तिकडे धावावं लागतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: माहेरी असतानाच दाखला हातात घ्या आणि अक्षर अन् अक्षर तपासा. मामा किंवा आजोबा तिथल्या कार्यालयात ओळखीचे असले तरी वाचायचं काम आईबाबांनीच करा.

बारसं उशिरा झालं, त्यामुळे दाखल्यावर बाळाचं नावच नाही. चालेल का?

नाही. नावाशिवाय दाखला मिळतो, पण त्यावर पासपोर्ट होत नाही. सुदैवाने यासाठी सोय आहे: नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत निबंधकाकडे अर्ज करून नाव घालून घेता येतं, त्याला शुल्क नाही. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं.

पाळण्यातलं नाव एक, पत्रिकेतलं दुसरं आणि आत्याने ठेवलेलं तिसरं, असं आपल्याकडे असतंच. दाखल्यावर एकच घाला, जे शाळेत आणि आयुष्यभर लागणार आहे तेच.

नाव नेमकं कसं लिहायचं? वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही?

हा प्रश्न मराठी घरांत सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि इथे घाई करू नका.

भारतीय पासपोर्टच्या फॉर्मवर दोनच रकाने असतात: ‘गिव्हन नेम’ आणि ‘सरनेम’. मधल्या नावासाठी वेगळी जागा नाही. दाखल्यावर ‘अन्वी महेश जोशी’ असं पूर्ण नाव असेल तर गिव्हन नेममध्ये ‘अन्वी महेश’ आणि सरनेममध्ये ‘जोशी’ येतं. दाखल्यावर ‘अन्वी जोशी’ एवढंच असेल तर वडिलांचं नाव मध्ये घुसवू नका. त्यांच्यासाठी फॉर्मवर स्वतंत्र रकाना आहेच.

दोन्ही पद्धती चालतात. मात्र गिव्हन नेममध्ये वडिलांचं नाव असलं की परदेशी व्हिसावर, विमानाच्या तिकिटावर, तिकडच्या शाळेत बाळाचं नाव ‘अन्वी महेश’ असंच लागतं. ते अगदी बरोबर असतं, फक्त पुढे प्रत्येक ठिकाणी तसंच लिहावं लागतं. मोठ्या भावंडाच्या पासपोर्टवर जी पद्धत आहे तीच धाकट्याला ठेवलेली बरी.

आणखी एक. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरवला आहे. आईचं नाव लेकराच्या नावात येतं आहे याचा मला मनापासून आनंद आहे. तुमच्या दाखल्यावर नाव ज्या क्रमाने छापलं आहे, पासपोर्टच्या फॉर्मवर त्याच क्रमाने भरा.

आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारायचं ठरवलं होतं. पुढे वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव पासपोर्टवर अन्यत्र असेल तर चालेल असा खुलासा झाला, पण तोवर अनेकांची धावपळ झाली होती.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे. तेवढ्याने अडवतात का?

हो, अडवतात, आणि ते त्यांचं कामच आहे. ‘ईश्वरी’मधला व काही जण व्हीने लिहितात, काही डब्ल्यूने. ‘आरव’ला सुरुवातीला एक ए की दोन? ‘ज्ञानदा’चा ज्ञ डीने सुरू करायचा की जीने? मराठीत वाचताना आपल्याला फरक जाणवतच नाही. संगणकाला मात्र ती दोन वेगळी माणसं दिसतात.

फक्त बाळाचं नाव नाही, आईचं आणि वडिलांचं स्पेलिंगसुद्धा त्यांच्या पासपोर्टशी किंवा आधारशी जुळलं पाहिजे. दाखल्यातली चूक निबंधकाकडे अर्ज आणि पुरावे देऊन दुरुस्त होते, कायद्यात त्याची तरतूद आहे. वेळ जातो, पण पासपोर्ट झाल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा कितीतरी सोपं.

माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे आणि दाखल्यावर सासरचं. काय करू?

माझंही हेच झालं होतं, म्हणून जरा विस्ताराने सांगते. हॉस्पिटलमधला जन्माच्या खबरीचा फॉर्म मी ऑपरेशननंतर पडून असताना घरच्या एका वडीलधाऱ्यांनी भरला. त्यांनी प्रेमाने माझं सासरचं नाव लिहिलं. पासपोर्टवर मी लग्नाआधीचंच नाव ठेवलेलं. त्याला कायद्याची काहीच हरकत नाही, लग्नानंतर स्त्रीने पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. पण काउंटरवरच्या अधिकाऱ्यांनी दाखला आणि माझा पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवला आणि शांतपणे विचारलं, “ही आई आणि ही आई एकच, हे कशावरून?” विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र घरच्या कपाटात होतं. पुन्हा वेळ घेतली, पुन्हा तान्ह्या लेकीला घेऊन गेलो.

त्यामुळे बाळाचा जन्म अजून व्हायचा असेल तर दोन गोष्टी आत्ताच करा. हॉस्पिटलच्या बॅगेत तुमच्या पासपोर्टची झेरॉक्स ठेवा आणि फॉर्म भरणाऱ्याला ती समोर ठेवून भरायला सांगा. जमत असेल तर दोघांच्या पासपोर्टवर एकमेकांचं नाव जोडीदार म्हणून आहे ना, हेही बघून घ्या. जन्म होऊन गेला असेल तर विवाह प्रमाणपत्र फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. प्रत्येकाला ते मागतात असं नाही, पण नावात फरक असला की तेच कामाला येतं.

बाळासाठी कोणकोणते कागद लागतात?

बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांचे पासपोर्ट, ॲनेक्शर डी (आईवडिलांचं संमतीचं घोषणापत्र) आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा. पत्त्याचा पुरावा आईच्या किंवा वडिलांच्या नावाचा चालतो, बाळाच्या नावाचं लाइट बिल कुठून आणणार! पालकांच्या पासपोर्टवरचा पत्ता आणि आत्ताचा पत्ता एकच असेल तर त्यातच काम होतं. मूळ कागद सोबत न्यायचे आणि प्रत्येकाची झेरॉक्स, तिच्यावर पालकांची सही.

पासपोर्ट सेवाच्या साइटवर ‘डॉक्युमेंट ॲडव्हायझर’ नावाची सोय आहे. चार प्रश्नांची उत्तरं दिली की तुमच्या परिस्थितीसाठीची यादी मिळते. अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी ती पुन्हा एकदा बघा.

बाळाचं आधार कार्ड आधी काढावं लागेल का?

सक्ती नाही. पाच वर्षांखालच्या बाळाला निळं बाल आधार मिळतं, त्यात बोटांचे ठसे घेत नाहीत. काढलेलं असेल तर न्या. मात्र त्यावरचं नाव आणि जन्मतारीख दाखल्याशी जुळते ना, हे आधी तपासा.

ॲनेक्शर डी म्हणजे काय? त्याला स्टँप पेपर लागतो का?

आईवडील दोघांनी मिळून द्यायचं घोषणापत्र: हे आमचं मूल आहे, याला पासपोर्ट द्यायला आमची संमती आहे. ते साध्या कोऱ्या कागदावर छापायचं आणि दोघांनी सही करायची. डिसेंबर २०१६ मध्ये नियम सोपे झाले तेव्हापासून ॲनेक्शरना नोटरीची किंवा स्टँप पेपरची गरज उरलेली नाही. तरीही पासपोर्ट सेवा केंद्राबाहेरच्या टपरीवर कोणी ‘स्टँपवर करून देतो’ म्हणालं तर पुढे चालू लागा.

नवरा परदेशात नोकरीला आहे, सही कशी घेऊ?

त्यांनी तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जाऊन संमतीचं शपथपत्र साक्षांकित करून पाठवायचं. भारतातल्या पालकाने ते आपल्या ॲनेक्शर डीसोबत जोडायचं. कुरियरचे दिवस धरून हे काम सगळ्यात आधी सुरू करा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोची प्रिंट चालत नाही.

मी एकटी आई आहे. वडिलांची संमती मिळणं शक्य नाही.

तरीही तुमच्या बाळाला पासपोर्ट मिळतो. अशा वेळी ॲनेक्शर डीऐवजी ॲनेक्शर सी द्यायचं, त्यात संमती का नाही हे लिहायचं असतं: घटस्फोट, विभक्त राहणं, सोडून जाणं, एकल पालकत्व, जे खरं असेल ते. ताब्याबद्दल कोर्टाचा आदेश असेल तर तो जोडा. फॉर्मवर आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं, हेही २०१६ च्याच बदलात स्पष्ट झालं. काउंटरवर प्रश्न विचारले तर दबून जाऊ नका. तो तुमचा हक्क आहे, कोणाची मेहरबानी नाही.

आमच्या दोघांकडेही पासपोर्ट नाही. आधी आमचा काढायचा का?

बंधन नाही, पण माझं मत विचाराल तर हो. बाळ एकटं प्रवास करणार नाही, तुमचा लागणारच आहे. आणि पालकांकडे जोडीदाराचं नाव असलेला चालू पासपोर्ट असला तर बाळासाठी साधारणपणे पोलीस पडताळणी लागत नाही. नसेल तर पडताळणी होते, म्हणजे पोलीस ठाण्याकडून फोन येतो आणि पालकांनी कागद दाखवायचे असतात.

फॉर्म कुठे भरायचा? फी किती?

पासपोर्ट सेवाच्या सरकारी साइटवर किंवा एमपासपोर्ट सेवा ॲपवर. साइटचा पत्ता ‘पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन’ असा आहे. तशाच दिसणाऱ्या, जास्त पैसे उकळणाऱ्या खोट्या साइट खूप आहेत, म्हणून पत्त्यात ‘जीओव्ही’ आहे ना हे बघूनच पुढे जा. बाळासाठी वेगळं लॉगिन लागत नाही, तुमच्याच लॉगिनमधून अर्ज भरता येतो.

१८ वर्षांखालच्यांसाठी ३६ पानी पासपोर्टची फी १,००० रुपये. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना पहिल्या पासपोर्टवर १० टक्के सवलत आहे, म्हणजे ९०० रुपये. तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. फी ऑनलाइन भरल्याशिवाय अपॉइंटमेंट मिळत नाही.

फॉर्ममध्ये एक ठिकाणी ‘नॉन ईसीआर’ला (म्हणजे काही देशांत नोकरीसाठी जाताना लागणाऱ्या सरकारी तपासणीतून सूट) पात्र आहे का असं विचारतात. तिथे गोंधळू नका, १८ वर्षांखालचं मूल पात्र असतं, ‘यस’ करा.

एजंट करावा का?

मी सांगेन, नको. फॉर्म भरायला बाळाच्या एका झोपेएवढा वेळ लागतो. आणि एजंटकडे दिलेल्या फॉर्ममध्येच स्पेलिंगच्या चुका जास्त बघितल्या आहेत, कारण तुमच्या बाळाच्या नावात किती ए आहेत हे त्याला ठाऊक नसतं. अडलंच तर १८००-२५८-१८०० हा टोल फ्री क्रमांक आहे.

फोटो तिथेच काढतात ना?

चार वर्षांखालच्या बाळाचा नाही. त्याचा फोटो आपणच न्यायचा: ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर, पाठीमागे पांढराशुभ्र रंग, रंगीत.

आम्ही घरीच काढला. खिडकीशेजारी जमिनीवर पांढरी चादर चुण्या न पडू देता अंथरली, लेकीला पाठीवर निजवलं आणि वरून फोटो घेतला. सकाळी दहाचा उजेड, फ्लॅश बंद. चादर पांढरी म्हणून झबलं गडद रंगाचं. आधी कुंची काढली, मग कपाळावरची आणि गालावरची तीट ओल्या कापसाने पुसली. आजी थोडी नाराज झाली, फोटो झाल्यावर तिने लगेच पुन्हा लावली. डोळे उघडे, तोंड मिटलेलं आणि चेहरा सरळ, हे तिन्ही एकाच क्षणी साधायला चाळीसेक फोटो घ्यावे लागले. बाबा कॅमेऱ्याच्या अगदी मागे खुळखुळा धरून बसले होते. बाजूला धरला की मान तिकडे वळते. मान सावरणारा कोणाचाही हात फोटोत दिसता कामा नये. चोखणी, खेळणं, डोळ्यांवर आलेलं जावळ, काहीही नको.

पोट भरलेलं आणि नुकतीच झोप झालेली असताना काढा. फोटो स्टुडिओतही हे सगळं सांगावंच लागतं, सगळ्यांनाच तान्ह्या बाळाची सवय नसते.

केंद्रावर बाळाला न्यावंच लागतं का? दोघांनीही जायचं का?

बाळाला न्यायचं. आईवडिलांपैकी एकजण सोबत असला तरी पुरतं, ॲनेक्शर डीवर दोघांच्या सह्या असल्या की झालं. पण दोघं जाऊ शकत असाल तर जा. एकाच्या हातात बाळ आणि एकाच्या हातात फाइल, एवढ्यानेही फार सुसह्य होतं.

टोकन मिळतं, मग ए, बी आणि सी अशा तीन काउंटरवर क्रमाने जायचं. ए वर कागद स्कॅन होतात, बी वर पडताळणी होते, सी वर मंजुरी. तान्ह्या बाळाच्या सहीच्या जागी अंगठा लागतो: मुलगा असेल तर डावा, मुलगी असेल तर उजवा. बाळाच्या वतीने त्या चौकोनात आपण सही करायची नाही. आमच्या लेकीने मूठ घट्ट मिटलेली. मी तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला हलकेच बोट फिरवलं तेव्हा ती उघडली. ठसा उमटला की लगेच अंगठा पुसायला ओला रुमाल हाताशी ठेवा, कारण पुढच्या सेकंदाला तो तोंडात जातो.

दुपट्याच्या पिशवीत जास्तीचं झबलं, लंगोट आणि दूध असू द्या. अंगावर पाजत असाल तर आत गेल्या गेल्या कर्मचाऱ्यांना जागा विचारा, संकोच करू नका.

आपल्या शहरात अपॉइंटमेंट मिळत नाही. दुसरीकडे जाता येईल?

हो. जून २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर ही प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयं आहेत. त्यांच्याखाली पासपोर्ट सेवा केंद्रं आहेत आणि २०१७ पासून अनेक जिल्ह्यांत टपाल कार्यालयातली केंद्रंही सुरू झाली आहेत. लहान बाळ घेऊन जायचं तर टपाल कार्यालयातलं केंद्र जवळ आहे का ते आधी बघा.

बाळ आजारी पडलं तर अपॉइंटमेंट बदलता येते का?

येते, पुन्हा फी न भरता. पण मर्यादित वेळाच, म्हणून सहज बदलत बसू नका. ताप असेल तर मात्र बिनधास्त बदला.

मुदत किती? चेहरा तर सहा महिन्यांत बदलतो.

पाच वर्षं. चेहरा बदलणार हे सगळ्या देशांच्या अधिकाऱ्यांना ठाऊक असतं. लक्षात ठेवायचं ते एवढंच की बरेच देश प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात, त्यामुळे हातात साडेचार वर्षंच धरा. मुदत वाढवून मिळत नाही, नवं पुस्तक निघतं, त्याला ‘रिइश्यू’ म्हणतात.

बाळ परदेशात जन्मलं असेल तर?

तिथल्या भारतीय दूतावासात जन्माची नोंद एक वर्षाच्या आत करा आणि पासपोर्टचा अर्जही तिथेच. नोंदीच्या वेळी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटू देऊ नका.

पासपोर्ट हातात कधी येतो? तिकीट काढून ठेवू का?

स्पीड पोस्टने घरी येतो, वाटेत कुठे आहे ते मेसेजवर कळत राहतं. पोलीस पडताळणी नसली तर लवकर येतो. आमचा दुसऱ्या फेरीनंतर नवव्या दिवशी आला. पण त्या भरवशावर परत न मिळणारं तिकीट काढू नका. पासपोर्टनंतर व्हिसाचे दिवसही धरायचे असतात.

पोस्टमन घरी आले की ओळखपत्र मागतात, तेव्हा घरात आई किंवा बाबा असलेले बरे. पाकीट उघडल्याबरोबर दाखला शेजारी ठेवा आणि नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईचं नाव, वडिलांचं नाव ही पाच ठिकाणं अक्षर अक्षर लावून बघा. चूक दिसली तर त्याच दिवशी कळवा.